आमची आई, आरोग्यप्रमुख

२ सप्टेंबर

प्रिय आई,

तुझी बस कोपऱ्यावरून वळली आणि मागोमाग पोस्टमन दारात हजर. तुझ्या विद्यार्थी चर्चासत्राचं पत्रक आलंय, ‘निवासी विद्यार्थ्यांसाठी आरोग्यविषयक खबरदारी’. ज्या माणसाने वाचायचं ते माणूस गेलं आणि कागद घरी आला. बाबा म्हणाले, “राहू दे, तिला सगळं माहीत असतं.” मी म्हटलं, तेच तर भीतीचं कारण आहे.

एकवीस कलमं आहेत. सगळी उतरवत नाही, कामाची तेवढी सांगते. पाणी उकळलेलंच प्यायचं. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, नुसते ओले करायचे नाहीत. मच्छरदाणी रोज लावायची. टॉवेल, कंगवा, पेला, उशी कुणाची घ्यायची नाही आणि कुणाला द्यायची नाही. (तू बसमध्ये अनोळखी बाईला अर्धी शाल देणारी. त्यामुळे हे कलम दोनदा वाच.) ताप, जुलाब, अंगावर पुरळ, डोळ्यांत लाली, काहीही झालं तरी लगेच सांगायचं, लपवायचं नाही. कलम अठरा मला फार आवडलं: ‘विद्यार्थ्यांनी विनाकारण जागरण करू नये.’ म्हणजे सकारण करायला हरकत नसावी.

आता माझं कलम बाविसावं. रक्तदाबाच्या गोळ्या तुझ्या पिशवीच्या डाव्या कप्प्यात आहेत. सकाळी एक, न चुकता. माझ्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत, पण गोळी जिभेखाली लपवून ‘घेतली’ म्हणणारा तुझ्यासारखा पेशंट एकही नाही.

बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेस आणि एक्कावन्नाव्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गात बसलीस, याचं बाबांना इतकं कौतुक आहे की ते भाजीवाल्यालाही सांगून आले. तुझ्या निबंधाचा विषय सांगितला, ‘मुलींच्या गणवेशाला खिसा का नसतो’. भाजीवाल्याने विचारलं, “का नसतो?” बाबा म्हणाले, “तेच सांगायला ती गेलीय.”

तेरा तारखेला निबंध वाचायचा आहेस. तोवर धडधाकट राहा. फोन त्या कार्यालयात एकच आहे म्हणे, आणि कारकून कान लावून बसतो. तेव्हा पत्रच लिही.

तुझी
ठकू


४ सप्टेंबर

ठकू,

पत्र मिळालं. गोळी घेतेय. जीभ उचलून दाखवता आली असती तर दाखवली असती.

खोली तळमजल्यावर आहे. दोन खाटा, जाळीची खिडकी आणि एक टेबल, ज्याचा चौथा पाय बाकीच्या तिघांचं ऐकत नाही. सोबतीला भूगोलाची एक मुलगी आहे, वीस वर्षांची. बोलायला लागली की श्वास कधी घेते हे मी अजून शोधतेय. मनातल्या मनात मी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं, ते काल चुकून तोंडातून निघालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र इतकं आवडलं की आता सगळं वसतिगृह तिला टिटवी म्हणतंय.

एक विचित्र गोष्ट सांगते. वॉर्डनबाईंनी पहिल्या दिवशी मला पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “अच्छा, म्हणजे तुम्हीच!” तुम्हीच म्हणजे कोण, ते काही कळलं नाही. पाच मिनिटांत त्यांनी औषधांची पेटी माझ्या हातात ठेवली, वर किल्ली. “तुम्ही आपल्या आरोग्यप्रमुख. डॉक्टर एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी तुम्ही.”

मी म्हटलं, “अहो, मी इथे विद्यार्थिनी म्हणून आलेय.”

“हो हो, तेही,” त्या म्हणाल्या.

‘तेही’! तीन वर्षं रात्रीचा दिवस करून शिकले, आणि आता मी ‘तेही’ झाले.

मग काय, लिहिली खबरदारीची पाटी. पत्रकातली एकवीस कलमं कुणी वाचत नाही हे टिटवीने पहिल्याच तासात सांगितलं होतं. म्हणून मी चारच लिहिली, मोठ्या अक्षरात. हात धुवा. उकळलेलं प्या. आपलं ते आपलं, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. आणि दुखलं तर सांगा. ही पाटी नळांवर लावली. चौथ्या कलमाचा परिणाम असा झाला की दोन दिवसांत मला एक मुरगळलेला पाय, तीन बिघडलेली पोटं, एक दाढ आणि घरच्या आठवणीने रडणारी दोन माणसं मिळाली. रडणाऱ्यांवर पेटीत काही नव्हतं. त्यांना चहा दिला.

सगळे मला काकू म्हणतात. चांगली आहेत पोरं. पण मी ग्रंथालयात वही उघडली की कुणीतरी समोर येऊन जीभ दाखवतं. निबंधाची शेवटची चार पानं अजून धावदोऱ्यावर आहेत आणि पक्की शिवण घालायला हात मोकळा होत नाही. घरी आई, दुकानात बाई, आणि इथे येऊनही पुन्हा आईच. चौदा दिवस तरी मला नुसतं रोल नंबर सतरा व्हायचं होतं गं.

तुझे बाबा जेवतात ना नीट?

आई


६ सप्टेंबर

प्रिय आई,

बाबा जेवतात. काल त्यांनी भात केला. भांड्यातून तो अजून निघालेला नाही, पण चव बरी होती. आणि तुझ्या मशीनवर त्यांनी उशीचा अभ्रा शिवला. चारही बाजूंनी. आता उशी आत कशी घालायची यावर विचार चालू आहे.

तू आरोग्यप्रमुख झालीस ते बरंच झालं की! एवढी कुरकुर कशाला? त्या निमित्ताने ओळखी होतील, माणसं आपणहून येऊन बोलतील. नाहीतर वीस-वीस वर्षांच्या घोळक्यात तू एकटी काय करणार होतीस? पेटी सोडू नकोस. निबंध काय, सकाळी लवकर उठून होईल.

एक महत्त्वाचं. इथे आमच्याकडे डोळे येण्याची साथ सुरू झालीय. बाह्यरुग्ण विभागात रोज तीस-चाळीस जण येतात. तुमच्याकडे एकाला जरी झालं तरी हयगय करू नकोस. डोळा चोळू द्यायचा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून आतून बाहेर पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, आणि तो लगेच टाकून द्यायचा. रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब घालायचे नाहीत, आणि मैत्रिणीचे उरलेले थेंब तर मुळीच नाहीत. आणि हो, नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत. हे मी दिवसातून चाळीसदा सांगते आणि चाळीसही जण माझ्याकडे पाठ करून ऐकतात.

ठकू


८ सप्टेंबर

ठकू,

तुझं पत्र आणि टिटवीचे डोळे एकाच दिवशी आले.

काल दुपारी झोपून उठली ती ओरडतच, “काकू, मला दिसत नाही!” पापण्या चिकटल्या होत्या. तू सांगितलंस तसं कापसाने पुसलं. एक डोळा उघडला, तो टोमॅटोसारखा लाल. आरशात बघून म्हणते, “बाई गं, माझा तेराला निबंध आहे, नद्यांवर, आणि सध्या माझ्याच डोळ्यांतून दोन वाहतायत.” या पोरीचं दुखणंही गप्प बसत नाही.

संध्याकाळपर्यंत चौघी, आज सात. सगळ्या मुलीच. तू लाख सांग, बघण्याने होत नाही म्हणून. इथे आता कुणी कुणाकडे बघून बोलत नाही. काल दोन मुलं भिंतीकडे तोंड करून अर्धा तास राज्यशास्त्रावर वाद घालत होती. गावातून काळे चष्मे आलेत. सकाळच्या सत्रात मंचावरून बघितलं तर सभागृहात चोरांची परिषद भरल्यासारखं वाटतं.

वॉर्डनबाईंना सांगून मी व्यायामशाळा रिकामी करून घेतली. तिथे सात खाटा टाकल्या. जेवण तिथेच, ताट-पेला ज्याचा त्याचा. डॉक्टर येऊन बघून गेले, थेंब दिले, आणि “व्यवस्था कुणी केली?” असं विचारून गेले. एवढं मात्र आवडलं मला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फक्त मुलींनाच का, म्हणून मी शोधत बसले. मुलांच्या वसतिगृहात एकही नाही. पाणी तेच, जेवण तेच. मग नळापाशी नुसती उभी राहिले अर्धा तास. मुलगे तोंड धुतात, खिशातून रुमाल काढतात, तोंड पुसतात, जातात. तो रुमाल कधी धुतलाय हे विचारू नये, पण असतो आपापला. मुली तोंड धुतात, आणि? खिसाच नाही. रुमाल खोलीत, बॅगेत. नळाजवळ वॉर्डनबाईंनी सोयीसाठी एक टॉवेल टांगलाय. सगळ्या त्याला पुसतात.

ठकू, मी बावीस वर्षं मुलींचे झगे बिनखिशाचे शिवले. शाळेचा नमुना तसा असायचा, मी कधी विचारलं नाही. त्या टॉवेलपाशी उभी राहून मला घामच फुटला. टॉवेल काढून उकळायला टाकला आणि शेवटची चार पानं फाडली. आता नवी लिहितेय. पाच दिवस आहेत.

आई

ता. क. ओळी जरा तिरक्या गेल्यात. टेबलाच्या पायाचा दोष.


१० सप्टेंबर

आई,

टेबलाच्या पायाचा दोष नाही. ४ तारखेला त्याच टेबलावर लिहिलेल्या ओळी सरळ होत्या. तुझा डोळा खुपतोय की नाही, खरं सांग. कलम काय होतं? ‘लपवायचं नाही.’ स्वतःच पाटी लिहून नळावर लावलीस ना?

आता माझं ऐक. सरळ घरी ये. व्यायामशाळेत सात संसर्ग झालेल्या पोरींमध्ये तू दिवसभर वावरतेस, या वयात, रक्तदाब असताना. निबंध पुढच्या वर्षीही वाचता येईल. पोरींचं बघायला वॉर्डनबाई आहेत. त्यांच्यावर मी जरा नाराजच आहे. मी त्यांना इतकं स्पष्ट लिहिलं होतं की तुला हलकंसं काम द्या, मन रमेल एवढंच, आणि त्यांनी सगळी साथ तुझ्या गळ्यात बांधली! परवाच्या बसने निघ. बाबा स्टँडवर येतील.

ठकू


११ सप्टेंबर

माननीय परिचारिका यांस,

आपले दि. १० चे पत्र मिळाले. त्यातील ‘मी त्यांना इतकं स्पष्ट लिहिलं होतं’ हे वाक्य मी तीनदा वाचले. त्यानंतर वॉर्डनबाईंकडे जाऊन आपले मूळ पत्र मागून घेतले. त्यांनी दिले. त्यांना वाटत होते की मला ठाऊक आहे.

त्यात आपण लिहिता: ‘माझी आई साधी आहे. तरुण मुलांमध्ये ती बुजेल. तिला वाटू न देता तिच्यावर जरा लक्ष ठेवावे व हाताला काहीतरी काम द्यावे, म्हणजे तिला एकटे वाटणार नाही. शुश्रूषेत तिचा हातखंडा आहे.’

तळमजल्यावरची खोली का मिळाली हे आता कळले. ‘अच्छा, म्हणजे तुम्हीच’ का, हेही कळले.

मी बुजत नाही. मी पहिल्याच दिवशी वादसभेत उठून दोन प्रश्न विचारले होते. ते आपणास कळवायचे राहिले, कारण त्याच संध्याकाळी माझ्याकडे पेटी आली.

सात मुली माझ्या भरवशावर आहेत, त्यामुळे पेटी मी परत करणार नाही. घरीही येणार नाही. डोळा खुपतो आहे. उत्तराची घाई नाही.

रोल नंबर सतरा


१२ सप्टेंबर

आई,

घाई आहे. वॉर्डातल्या टेबलावर बसून लिहितेय, समोरच्या खाटेवरचे आजोबा विचारतायत, “सिस्टर, रडताय की तुम्हालाही डोळे आलेत?” मी म्हटलं डोळेच आलेत. त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

तुझं बरोबर आहे. तुझ्यामागे तुझ्याबद्दल लिहायला नको होतं. ‘साधी’ तर अजिबात लिहायला नको होतं. मला माफ कर.

पण का लिहिलं ते सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी वसतिगृहात होते, आठवतं? दर आठवड्याला तुला पत्र यायचं. ‘मजेत आहे, मैत्रिणी खूप आहेत, जेवताना नुसता गोंधळ असतो.’ आई, मैत्रीण एकही नव्हती. बाकीच्या सगळ्या एकाच शाळेतून आलेल्या, एकमेकींच्या गळ्यात गळे घातलेल्या. मी ताट घेऊन जेवणघराच्या दारात उभी राहायचे आणि कुणी सरकतं का बघायचे. कुणी वाईट नव्हतं. कुणाच्या लक्षातच यायचं नाही. हातात ताट असलं की ते जेवणघर केवढं लांबलचक दिसतं ते तुला कळणार नाही. जवळजवळ वर्षभर मी एकटीच जेवले. पुढे कळलं की हातात काही काम असलं की माणसं जवळ येतात. एवढंच मला माहीत होतं, म्हणून तेवढंच मी वॉर्डनबाईंना लिहिलं.

तू बस चढत होतीस ना, नवी पिशवी खांद्याला लावून, तेव्हा मला तू ताट घेऊन दारात उभी दिसलीस. तू नव्हतीस ती. मीच होते. हे मला आज तुझं पत्र वाचून कळलं.

घरी येऊ नकोस. निबंध वाच.

ठकू

ता. क. डोळा आतून बाहेर पूस. वेगळा बोळा. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.


१५ सप्टेंबर

ठकूताई,

मी टिटवी. माझे डोळे बरे झालेत आणि काकूंचे दोन्ही आलेत, म्हणून काकू सांगतायत आणि मी लिहितेय. जसंच्या तसं लिही, मध्ये आपलं घालू नकोस, अशी ताकीद आहे.

ठकू, तेरा तारखेला सकाळी उठले तर माझे दोन्ही डोळे बंद. कापूस घेऊन टिटवीच धावत आली, तिचे डोळे तोवर निवळले होते. मी तिला जे जे शिकवलं ते ते तिने माझ्यावर केलं, फक्त शंभरपट बडबड करत. (पन्नासपट. — टिटवी) डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, सभागृहात पाऊल टाकायचं नाही. नियम मीच केलेला, बोलणार काय!

वॉर्डनबाई म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका. आपण निबंध वाचला असं समजू.”

मी म्हटलं, “तुम्ही समजू नका, मी वाचते. कुठे ते सांगा.”

पण टिटवी तोवर निघूनही गेली होती, आमच्या सरांकडे. तिथे ती काय बोलली मला माहीत नाही. (मी म्हटलं, सर, सभागृहाला डोळे आलेले चालत नाहीत, पण मैदानाला चालतात. — टिटवी) अर्ध्या तासात सगळं चर्चासत्र खुर्च्या उचलून व्यायामशाळेसमोर आलं. आम्ही अकरा जणी व्हरांड्यात, बाकीचे दहा हातांवर झाडाखाली. मधे वॉर्डनबाईंनी स्वतः चुन्याची रेघ मारली आणि रेघेवर खुर्ची टाकून बसल्या, कुणी ओलांडू नये म्हणून. काळा चष्मा लावून.

कागद हातात घेतले तर अक्षरं दिसेनात. टिटवी म्हणाली मी वाचते. पण माझा वीस मिनिटांचा निबंध तिने चार मिनिटांत उडवला असता. (खरं आहे. — टिटवी) मग मी कागद मांडीवर ठेवले आणि बोलायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशी. कोणत्या शाळेने काय नमुना दिला, मापं कशी घेतात, मुलग्यांच्या विजारीला दोन खिसे आपोआप कसे येतात आणि मुलीच्या झग्याला खिसा मागितला तर ‘त्यात काय ठेवायचंय तिला?’ असं मुख्याध्यापक कसे विचारतात. मग म्हटलं, “ज्यांच्याजवळ आत्ता रुमाल आहे त्यांनी तो वर करा.” मुलग्यांचे भराभर वर आले, काही न दाखवण्यासारखे होते. झाडाखाली मुली एकोणीस होत्या, रुमाल पाच. व्हरांड्याकडे बोट करून मी म्हटलं, “उरलेल्या इथे बसल्यात.”

हसले सगळे. आमच्या अकराजणींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढे डोळे पुसणारे श्रोते कुणाच्या निबंधाला मिळाले नसतील.

मग इतिहासाचा एक मुलगा उठला. त्याने विचारलं, “खिसा असता तर मुलींनी नळावरचा टॉवेल वापरला नसताच, हे कशावरून?” अख्ख्या आठवड्यात माझ्यासमोर इतकी पोरं आली, पण घसा न दाखवता मला काही विचारणारा हा पहिलाच. मी विचार केला. म्हटलं, “माहीत नाही. बघावं लागेल.” त्यावर दुसरा उठला, त्याच्यावर टिटवी उठली, आणि पाऊण तास सगळे एकमेकांवर तुटून पडले. मी मधेच हात वर करत होते आणि माझा नंबर लागत नव्हता! काय मजा आली म्हणून सांगू.

बक्षीस मिळालं नाही. ते नदीच्या गाळावर लिहिणाऱ्या मुलाला मिळालं. (माझ्या नद्या राहिल्याच. माझा निबंध त्याच गोंधळात बुडाला. — टिटवी) सर रेघेपाशी येऊन म्हणाले, “त्या मुलाचा प्रश्न घेऊन पुन्हा लिहा. दोन शाळा घ्या, एक खिशाची, एक बिनखिशाची.” म्हणजे काम संपलेलं नाही. मुख्य म्हणजे ते मला देताना त्यांनी माझी तब्येत विचारली नाही.

तुझं बारा तारखेचं पत्र त्याच संध्याकाळी आलं. मला वाचता येईना, म्हणून टिटवीला वाचायला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोवर उशीर झाला होता. तिने पहिली चार वाक्यं नेहमीसारखी धडाधडा वाचली. मग तिचा आवाज हळू झाला. नंतर ती थांबली आणि म्हणाली, “काकू, हे मी वाचू नये.” मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. त्यानंतर झोपेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. सगळं वसतिगृह विचारायला आलं, काय झालं म्हणून.

(ताई, मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. — टिटवी)

आता मी हिला चहा आणायला पिटाळलंय. इथून पुढे मी लिहितेय. ओळी चढतील, उतरतील, सांभाळून घे.

ठकू, तुझी ती पत्रं मी मशीनच्या खणात ठेवायचे. गिऱ्हाईक बसलेलं असलं की काढून वाचून दाखवायचे. “बघा, किती मजेत आहे आमची.” मला काही म्हणजे काही कळलं नाही. आईला सगळं कळतं म्हणतात. मला नाही कळलं. तू इतकं नीट शिवलं होतंस की टाका कुठे दिसलाच नाही. इतकी वर्षं मापं घेतली दुसऱ्यांच्या पोरींची.

तुझ्यावरचा राग आता अर्धा उरलाय. तो मी ठेवणार आहे. यापुढे माझ्याबद्दल काही वाटलं तर मला विचारायचं, माझ्या मागून कुणाला लिहायचं नाही.

आणि ते वर्ष मला लिहून पाठव. खरं. डोळे स्वच्छ होऊन तीन दिवस गेल्याशिवाय इथून कुणाला सोडणार नाहीत, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. मोठ्या अक्षरात लिही. यावेळी मी स्वतः वाचणार.

आई


१७ सप्टेंबर

आई,

मोठ्या अक्षरात लिहितेय. बाबांनी विचारलं, “पाटी रंगवतेस का?”

कुठून सुरुवात करू कळत नव्हतं. काल रात्रपाळी नव्हती, म्हणून बसले होते, तीन कागद फाडले. पहिला महिना कसा गेला, सुट्टीच्या दिवशी मी कपडे धुण्यात वेळ कसा काढायचे, ते सगळं लिहीन. आज नाही. आज मला शेवट आधी सांगायचाय, म्हणजे मधलं वाचताना तुला त्रास होणार नाही.

मार्च महिन्यात एकदा जेवणघर गच्च भरलं होतं. एक उंच मुलगी ताट घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं, आणि दुसरीकडे कुठे जागाच नाही म्हणून माझ्या शेजारी बसली. मी खाली बघून जेवत होते. जरा वेळाने ती म्हणाली, “मीठ दे गं.”

दहा महिन्यांत त्या जेवणघरात माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मीठ देताना माझा हात असा हलला की अर्धी बरणी तिच्या भातावर पालथी झाली. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढं नको होतं.” मग दोघीही हसत सुटलो. तो खारट भात आम्ही दोघींनी मिळून संपवला.

त्या संध्याकाळी मी तुला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. तुला ते सापडेल, खणात सगळ्यात लहान तेच असेल. ‘आज जेवण फार छान होतं’, एवढंच त्यात आहे. ते पत्र खरं होतं, आई.

ठकू